वाचकांचे प्रश्न : शीट फिल्म घरीच धुताना

मागच्या अंकात लाकडी फील्ड कॅमेऱ्यांवर लेख आला. त्यानंतर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागांतून आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: शीट फिल्म (रोलऐवजी सुट्या तुकड्यांत येणारी फिल्म) घरी धुवायची, म्हणजे डेव्हलप करायची, कशी, आणि त्यासाठी लागणारं सामान बाहेरून न मागवता कसं उभं करायचं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळी मापं ४×५ इंचाच्या शीटची समजावीत.

प्रश्न : ट्रेमध्ये चार शीट एकावर एक ठेवून खालची वर, खालची वर असं करतो. दर वेळी एका तरी शीटवर ओरखडा येतोच. दुसरा स्वस्त उपाय आहे का? (वडगाव, बेळगाव)

उत्तर : ओरखडे येतात ते वरच्या शीटच्या कोपऱ्यांनी. फिल्मवरची ओली जिलेटीन मऊ असते आणि शीटचा कोपरा धारदार. हात सरावला की प्रमाण कमी होतं, पण शून्य होत नाही. त्यापेक्षा प्रत्येक शीटला तिचा स्वतंत्र कप्पा द्या.

दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडे ३ मिमी जाडीचं अ‍ॅक्रिलिक लेझरवर कापून मिळतं. त्याच्याकडून २२५×२७५ मिमीचा तळ कापून घ्या. त्यावर २५ मिमी उंचीच्या भिंती आणि मधे आडवी-उभी एकेक पट्टी लावली की १०८×१३३ मिमीचे चार कप्पे होतात. शीट प्रत्यक्षात ४×५ इंचाहून किंचित लहान असते, त्यामुळे चारी बाजूंनी तीन-चार मिमी जागा सुटते आणि हाताने उचलताना नख लागत नाही. तळाला दर २० मिमीवर ६ मिमीचं भोक हवंच. भोकं नसतील तर शीट तळाला चिकटून बसते आणि उचलताना वाकते. खालून चार कोपऱ्यांना ४ मिमी उंचीचे पाय चिकटवा, म्हणजे द्रावण खालूनही फिरेल. समोरासमोरच्या दोन भिंतींना १०० मिमी उंचीच्या पट्ट्या लावल्या की धरायला मुठी झाल्या. सांधे दुकानदाराकडूनच जोडून घ्या, कारण त्यासाठी वापरतात त्या द्रवाची वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नसते. घरी आणल्यावर सगळ्या कडा बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासा आणि बोट फिरवून पाहा. जिथे बोटाला खरखर लागते तिथे फिल्मलाही लागणार.

हा चार कप्प्यांचा सांगाडा १०×१२ इंचाच्या ट्रेत बसतो. ट्रेत साधारण १.२ लिटर द्रावण घेतलं की दीड सेंटिमीटर पातळी येते आणि शीट भिंतीवरून तरंगून शेजारच्या कप्प्यात जात नाहीत. असे तीन ट्रे ओळीत मांडा: डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं द्रावण), स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं), हायपो (प्रतिमा पक्की करणारं, म्हणजे फिक्सिंगचं). अंधारात चारही शीट एकदम उचलून पुढच्या ट्रेत जातात. एकेक शीट चाचपडत शोधायची गरजच उरत नाही आणि चौघींना नेमका सारखा वेळ मिळतो. खरा फायदा हाच.

हलवण्याची रीत अशी: पहिली ३० सेकंद सतत, नंतर दर अर्ध्या मिनिटाला एक फेरी. सांगाड्याची एक बाजू दोन सेंटिमीटर उचलून सावकाश खाली, मग समोरची, मग डावी, मग उजवी. एका फेरीला आठेक सेकंद लागतात. दर वेळी एकाच बाजूने सुरुवात केलीत तर निगेटिव्हवर त्या बाजूला गडद पट्टा उमटतो, आणि तो आकाशात सगळ्यात आधी दिसतो. जोरात हिसका दिला तर भोकांवरून येणाऱ्या धारेचे ठिपकेही उमटतात. सावकाश.

प्रश्न : पीव्हीसी पाईपच्या नळकांड्यात एकेक शीट धुता येते असं ऐकलं. पाईप कुठल्या मापाचा घ्यायचा? माझ्या शीटवर मागच्या बाजूला निळसर-गुलाबी डाग राहिले, ते कशाने? (निपाणी)

उत्तर : बोअरवेलवाल्यांकडे मिळणारा ६३ मिमीचा पाईप पुरतो. आतला व्यास ५८ मिमीच्या आसपास असतो, म्हणजे आतला घेर १८० मिमीच्या वर. १०० मिमीची बाजू गोल फिरवून शीट आत सरकवली तर दोन कडा एकमेकींवर चढत नाहीत. लांबी १५० मिमी ठेवा. हॅकसॉने कापल्यावर आतली कड कानशीने गोल करा, नाहीतर शीट आत घालतानाच ओरखडेल. इमल्शनची (उजेड टिपणाऱ्या थराची) बाजू आत, म्हणजे नळीच्या पोकळीकडे.

राखाडी पीव्हीसीवर विसंबू नका. बाहेरून काळ्या चिकटपट्टीचे दोन थर द्या. टोपी नुसती दाबून बसवली की गळते. सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची तीन सेंटिमीटर रुंद पट्टी ताणून चढवा, गळती थांबते आणि उजेडही अडतो.

अशा नळीत १२० मिली १:१ (तितक्याच पाण्यात) पातळ केलेला डी-७६ डेव्हलपर घ्या (कृती पुढे दिली आहे), म्हणजे आत ६० मिली मूळ द्रावण जातं. एका शीटला इतकं तरी हवंच. त्याहून कमी घेतलंत तर गडद भागांतला डेव्हलपर मधेच थकतो आणि निगेटिव्ह सपाट येते. नळी आडवी ठेवून पाण्याच्या टबात हाताने सतत लोळवायची. इथे हालचाल अखंड असल्याने पुस्तकातल्या वेळेतून १५ टक्के कापा.

मागच्या डागांचं कारण सोपं आहे. शीटची पाठ पाईपला चिकटलेली असते आणि तिथे द्रावण पोचत नाही. त्या बाजूला परावर्तन रोखणारा रंगीत थर असतो, तो तसाच राहतो. निगेटिव्ह खराब झालेली नाही. हायपोत दोन मिनिटं झाल्यावर शीट नळीबाहेर काढा, उरलेलं फिक्सिंग उघड्या ट्रेत करा आणि पाठीवरून बोट फिरवा. तरीही रंग राहिला तर २० ग्रॅम सोडियम सल्फाइट लिटरभर पाण्यात घालून त्यात तीन मिनिटं ठेवा.

दोन्ही बाजूंना इमल्शन असलेली एक्स-रे फिल्म मात्र अशा नुसत्या नळीत अजिबात धुऊ नका. मागचं इमल्शन चट्ट्याचट्ट्यांनी धुतलं जातं आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. फारच हौस असेल तर नळीला आतून खिडकीच्या नायलॉन जाळीचं अस्तर लावा.

प्रश्न : गुऱ्हाळात रस स्वच्छ करायला हायड्रोस पावडर वापरतात. ती म्हणजेच हायपो का? आमच्याकडे किलोभर पडून आहे. आणि औषधं घरी बनवायची तर काय काय आणू ते सांगा की. (चिकोडी तालुका)

उत्तर : नाही. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पहिलं रंग उडवतं, दुसरं फिल्ममधली न वापरलेली चांदीची संयुगं विरघळवतं. हायड्रोसमध्ये फिल्म घातली तर ती फिक्स तर होणार नाहीच, उलट काळवंडेल. शिवाय ओल लागली की ती पावडर तापते आणि पेटूही शकते. तिला डार्करूमपासून लांबच ठेवा. खरा हायपो, खडीसाखरेसारखे स्वच्छ खडे, माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्यांकडे आणि कॉलेजांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानांत मिळतो.

याच दुकानांत आणखी एक गोंधळ होतो. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन वेगळी रसायनं. आपल्याला हवं ते सोडियम सल्फाइट, निर्जल. सल्फेट दिलं तर डेव्हलपर काही वेळात तपकिरी होईल. सल्फाइड दिलं आणि त्याचा अ‍ॅसिडशी संबंध आला तर सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू सुटेल. बाटलीवरचं नाव स्वतः वाचा, चिठ्ठी देऊन पोराला पाठवू नका. सल्फाइट खड्यांच्या रूपात, म्हणजे पाण्यासकट मिळालं तर वजन दुप्पट घ्यावं लागतं.

डेव्हलपर म्हणून सुरुवातीला डी-२३ करा, त्यात दोनच रसायनं. ७५० मिली पाणी ५० अंशांपर्यंत गरम करा. त्यात चिमूटभर सल्फाइट, मग ७.५ ग्रॅम मेटॉल. मेटॉल पूर्ण विरघळलं की उरलेलं सल्फाइट थोडं थोडं घालत एकूण १०० ग्रॅम करा, आणि पाण्याने लिटरभर भरा. क्रम उलटा केला तर मेटॉल विरघळतच नाही, कारण ते दाट सल्फाइटमध्ये जात नाही. आधीची चिमूट मेटॉलला हवेपासून वाचवण्यापुरती. हातमोजे घाला. मेटॉलने काहींच्या हाताला खाज आणि पुरळ येतं, आणि एकदा सुरू झालं की दर वेळी येतं.

डी-७६ हवा असेल तर त्याच क्रमाने: मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, एकूण १ लिटर. बोरॅक्स सराफाकडेही असतो. दोन ग्रॅम मोजायला स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. काठोकाठ भरलेल्या तपकिरी बाटलीत हा डेव्हलपर सहा महिने टिकतो, अर्ध्या बाटलीत दोन महिने.

स्टॉपसाठी १५ ग्रॅम लिंबूसत लिटरभर पाण्यात. ३० सेकंद पुरे.

हायपोसाठी साधारण ७०० मिली कोमट पाण्यात २४० ग्रॅम खडे. खडे विरघळताना पाणी बर्फासारखं गार होतं, म्हणून कोमट. ते निवळल्यावर १० ग्रॅम सल्फाइट, आणि सगळं खोलीच्या तापमानाला आल्यावरच २५ ग्रॅम सोडियम बायसल्फाइट. मग लिटर करा. गरम असताना बायसल्फाइट घातलं तर गंधक बाहेर पडून द्रावण दुधाळ होतं, ते फेकावंच लागतं. हायपो ठीक आहे का हे पाहायला फिल्मचा वाया गेलेला तुकडा उजेडातच त्यात टाका आणि पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. फिक्सिंगचा वेळ त्याच्या दुप्पट. ताज्या हायपोला लागला होता त्याच्या दुप्पट वेळ नुसतं पारदर्शक व्हायला लागू लागला की तो हायपो संपला.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. पुस्तकात सगळीकडे २० अंश. बर्फ घालून चालेल का? (अथणी)

उत्तर : डेव्हलपरमध्ये बर्फ नको, तो वितळून द्रावण पातळ करतो. आणि २० अंशांच्या मागेही लागू नका. २४ अंश धरा, ते उन्हाळ्यातही साधतं.

१:१ पातळ करायचंच असतं, त्याचा उपयोग करून घ्या. डी-७६ चं मूळ द्रावण ३० अंशांवर आहे आणि त्यात १८ अंशांचं पाणी तितकंच मिसळलं की मिश्रण २४ वर येतं. १८ अंशांचं पाणी म्हणजे फ्रिजचं आणि साधं मिसळून केलेलं. थर्मामीटर एकच वापरा आणि तोच सगळ्या द्रावणांत बुडवा. तो अर्धा अंश चुकत असला तरी सगळीकडे सारखाच चुकेल. ट्रे ज्या घमेल्यात ठेवता त्यात माठाचं पाणी भरा. कोरड्या उन्हाळ्यात माठ उत्तम काम करतो. आषाढात हवाच दमट असते, तेव्हा माठ जवळजवळ थंड करत नाही, पण तेव्हा नळाचं पाणीच गार असतं.

वेळेचा हिशोब: दर अंशाला साधारण १० टक्के. इल्फर्डची एफपी-४ प्लस १:१ डी-७६ मध्ये २० अंशांना ११ मिनिटं घेते. २२ ला नऊ मिनिटं, २४ ला सव्वासात.  वेळ पाच मिनिटांच्या खाली आली की थांबा. इतक्या कमी वेळात शीट सगळीकडे सारखी भिजेपर्यंतच अर्धं काम झालेलं असतं आणि आकाश डागाळतं.

डेव्हलपर २४ वर आणला आणि हायपोची बाटली मात्र पत्र्याच्या शेडमधून थेट काढून ओतली, असं होऊ देऊ नका. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकमेकांच्या दोन अंशांत हवीत. मोठा फरक पडला तर जिलेटीन आक्रसून निगेटिव्हवर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं, आणि ते कायमचं.

अथणी-रायबागकडच्या काळ्या जमिनीतल्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात डेव्हलपर केला तर पांढरा गाळ बसतो. पाणी उकळून, रात्रभर निवळून, वरचं घ्या. हायपोनंतर धुवायला बोअरचं चालेल, पण शेवटचं एक बुडवणं मात्र डिस्टिल्ड पाण्यात करा, नाहीतर वाळल्यावर चुन्याचे ठिपके राहतात. गाडीच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी चालतं. बॅटरीचं अ‍ॅसिड नव्हे, बाटली नीट पाहा. खानापूर-जांबोटीकडे ही अडचण कमी, तिथे पावसाळ्यात शीट वाळतच नाही ही वेगळी अडचण. न्हाणीघरात एका कोपऱ्याला चिमटा लावून टांगा, दार बंद ठेवा आणि पंखा लावू नका. पंख्याने शीट लवकर वाळते खरी, पण धूळ घेऊन वाळते.

हायपोनंतरच्या धुण्याला वाहतं पाणी लागतं हा गैरसमज. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्लीतही जमतं: ट्रे भरायचा, पाच मिनिटं अधूनमधून हलवायचं, पूर्ण ओतायचा. असं सहा वेळा.

प्रश्न : आजोबांच्या स्टुडिओतला हाफ-प्लेट लाकडी कॅमेरा आहे. त्या मापाची फिल्म मिळत नाही. एक्स-रे फिल्म कापून चालेल असं सांगतात. (खानापूर)

उत्तर : चालते, आणि शिकायला त्याहून स्वस्त काही नाही. पण आधी दुकानात विचारा की फिल्म ओल्या प्रक्रियेची आहे ना. हल्ली बहुतेक दवाखान्यांत डिजिटल यंत्रं आली आहेत आणि त्यांना लागते ती ड्राय फिल्म. ती उष्णतेने छापतात, कॅमेऱ्यात तिचा काही उपयोग नाही.

ओल्या फिल्मचे दोन प्रकार: निळ्याला संवेदनशील आणि हिरव्याला संवेदनशील. हिरवी घ्या, तिची छटा बरी येते. दोन्ही लाल रंगाला आंधळ्या. म्हणून गडद लाल दिव्याखाली कापता येतात, धुताना बघताही येतात. पण झीरोचा लाल रंगवलेला बल्ब म्हणजे सुरक्षित दिवा नव्हे, त्याच्या रंगातून पांढरा उजेड झिरपतो. चाचणी करा: फिल्मच्या तुकड्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या आणि धुवा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा बाद.

हाफ-प्लेट म्हणजे ४¾×६½ इंच. ८×१० च्या एका फिल्ममधून दोन निघतात आणि दीड इंचाची पट्टी चाचणीसाठी उरते. १४×१७ मधून सहा निघतात. कापताना फिल्मखाली आणि वर कागद ठेवा. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्याने टेबलावर नुसती सरकवली तरी ओरखडते. कापलेला तुकडा होल्डरमध्ये (कॅमेऱ्यात फिल्म धरणाऱ्या चपट्या पेटीत) अडकला तर दीड मिलिमीटर आणखी छाटा, पण जोर लावून बसवू नका. हा होल्डर काचेच्या प्लेटचा असतो, म्हणून फिल्ममागे काचेच्याच जाडीचा काळा पुठ्ठा घाला. तो नसेल तर फिल्म मागे झुकते आणि फोकस काचेवर बरोबर दिसूनही निगेटिव्हवर चुकतो.

उन्हात फिल्मची संवेदनशीलता आयएसओ ८० धरून सुरुवात करा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड), बल्बच्या उजेडात दोन स्टॉप जास्त द्या. लाल न दिसण्याचे परिणाम आधीच लक्षात घ्या: कपाळावरचं कुंकू काळं येतं, ओठ गडद, खानापूरची तांबडी माती जवळजवळ काळी आणि आकाश पांढरंफटक. चेहऱ्यांना एक स्टॉप जादा दिलेला बरा. उजेडाच्या खिडकीभोवती प्रभावळ दिसली तर घाबरू नका. या फिल्मला परावर्तन रोखणारा थर नसतो.

धुवायला डी-२३ तितक्याच पाण्यात पातळ करून, सपाट तळाच्या ट्रेत, एका वेळी एकच शीट. ट्रेच्या तळाला उंचवटे असतील तर खाली काच ठेवा. २४ अंशांना पाच-सहा मिनिटांवर लाल उजेडात उचलून पाहा. हायपोत गेल्यावर प्रतिमा फिकी होते, त्यामुळे लाल उजेडात ती थोडी जास्तच काळी दिसेपर्यंत थांबायचं.

प्रश्न : सगळं नीट करूनही निगेटिव्हच्या कडा राखाडी येतात. (शहापूर, बेळगाव)

उत्तर : राखाडी जर फोटोबाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे होल्डरच्या पट्टीखाली झाकल्या गेलेल्या भागातही असेल, तर उजेड खोलीत लागला आहे. पट्टीखालचा भाग स्वच्छ आणि आत काळसर फराटे असतील तर होल्डर किंवा कॅमेऱ्याचा भाता गळतो आहे.

खोली तपासायची तर भर दुपारी दार लावून दहा मिनिटं आत बसा. डोळे सरावले की कौलांमधल्या फटी, दाराखालची रेघ, एक्झॉस्टचं भोक, सगळं दिसू लागतं. गिझरचा लाल दिवा, इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका, हातावरचं घड्याळ विसरू नका. साधी शीट फिल्म सगळे रंग पाहते, तिला लाल दिवाही चालत नाही. शक्य असेल तर काम रात्री करा, निम्म्या फटी आपोआप मिटतात.

प्रश्न : काही दोष कायम येतात, त्यांची कारणं थोडक्यात सांगाल? (अनेक पत्रं)

उत्तर : नखाएवढी काळी चंद्रकोर: कोरडी शीट उचलताना अंगठ्याने वाकली. दोन कडांनी धरा.

स्वच्छ, गोल, पारदर्शक ठिपके: हवेचे बुडबुडे. डेव्हलपरआधी साध्या पाण्यात दोन मिनिटं भिजवा आणि पहिल्या काही सेकंदांत ट्रे हलकासा आपटा. टाचणीच्या टोकाएवढे वेडेवाकडे ठिपके असतील तर ती होल्डरमधली धूळ. त्याला रसायनांचा इलाज नाही, मऊ ब्रशने होल्डर झाडणं हाच.

दोन शीट चिकटल्या: कोरड्या असतानाच एकदम पाण्यात सोडल्या. एकेक करून, मधे दहा सेकंद जाऊ देऊन सोडा. चिकटल्याच तर ओढू नका, पाण्यातच सावकाश सुटू द्या.

दुधाळ झाक: फिक्सिंग अपुरं. ताज्या हायपोत परत घाला, दुरुस्त होते, वाळल्यानंतरही होते.

निगेटिव्ह पातळ: सावलीतला तपशीलच नसेल तर उजेड कमी पडला. सावली आहे पण पांढऱ्या सदऱ्याचा भाग फिका आहे, तर डेव्हलपिंग कमी पडलं. दोहोंना एकच औषध म्हणून वेळ वाढवत राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पहिल्या रोगाला त्याचा उपयोग नाही.

आख्खी प्रतिमा फार पुसट आणि तीही परावर्तन-थराच्या रंगातून आलेली: शीट उलटी भरली. उभी धरून कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुमच्याकडे असतं. हे उजेडात एखाद्या वाया गेलेल्या शीटवर बोटांना शिकवा. एक्स-रे फिल्मला खाचाही नसतात, आणि उलटं-सुलटंही नसतं.

प्रश्न : कॉफीत फिल्म धुता येते हे खरं का? (हल्याळ)

उत्तर : खरं. लिटरला धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम निर्जल, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, याच क्रमाने. २० अंशांना १५ मिनिटं. काम करतं ते कॉफीतलं कॅफिन नव्हे, तिच्यातली अ‍ॅसिडं. म्हणून स्वस्त, कडवट कॉफी चांगली. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांत चिकोरी मिसळलेली असते. ते प्रमाण बदललं की निगेटिव्हही बदलते, तेव्हा शंभर टक्के कॉफी लिहिलेला डबा घ्या. खाण्याचा सोडा चालणार नाही. कढईत चांगला तासभर भाजून त्याचं वजन ६३ टक्क्यांवर आणलं तर तो धुण्याचा सोडा होतो. स्टॉपमध्ये लिंबूसत निम्मं करा, सोड्याबरोबर फेस येऊन इमल्शनला बारीक छिद्रं पडू शकतात. वास मात्र घरभर राहतो, आणि तो कॉफीचा नसतो.

प्रश्न : वापरलेला हायपो हुपरीला चांदीवाले घेतात म्हणे. साठवून ठेवू का? (निपाणी)

उत्तर : एक्स-रे केंद्रांकडून निघणारा कॅनच्या कॅन हायपो वेगळा. घरी आठवड्याला चार-आठ शीट धुणाऱ्याच्या लिटरभर हायपोत फार झाली तर काही ग्रॅम चांदी. गाडीचं पेट्रोल सुटणार नाही. पण तो विहिरीजवळ, मोरीत किंवा सेप्टिक टाकीत ओतू नका. टाकीतले जिवाणू चांदीने मरतात.

प्लास्टिकच्या झाकणाच्या बादलीत साठवा आणि त्यात गंजणाऱ्या लोखंडाची स्टील वूल सोडा. भांडी घासायची चकचकीत घासणी स्टेनलेसची असते, तिचा उपयोग नाही. लोखंड द्रावणात उतरतं आणि चांदी काळ्या-तपकिरी गाळाच्या रूपात तळाला बसते. आठवडाभराने घासून लख्ख केलेला तांब्याचा तुकडा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर करडा थर आला तर चांदी अजून शिल्लक आहे, आणखी वूल घाला. थर येईनासा झाला की जुन्या सुती कापडातून गाळा, गाळ वाळवून बरणीत ठेवा आणि वरचं पाणी भरपूर पाण्यात मिसळून सांडपाण्यात सोडा, झाडांना नको. बरणी भरायला काही वर्षं लागतील. मग हुपरीच्या वाटेला लागायला हरकत नाही.